स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल पहिल्यांदा चालवणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या रायडरांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही स्पर्धा नेमकी काय आहे?

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, फोर्ट विल्यम या गावात मुक्काम ठेवून, मे महिन्याच्या सुरुवातीला सोमवार ते शनिवार अशी सहा दिवस चालणारी मोटरसायकल ट्रायल. १९०९ साली ती पाच दिवसांची म्हणून सुरू झाली आणि १९११ पासून सहा दिवसांची झाली. आयोजन एडिनबरा अँड डिस्ट्रिक्ट मोटर क्लबकडे आहे. सुमारे पावणेतीनशे रायडर असतात, रोज साधारण ३० सेक्शन, म्हणजे फितीने आखलेले अवघड टप्पे, असतात, आणि सेक्शनांच्या मधलं अंतर डांबरी रस्ता, शेतातल्या वाटा आणि उघड्या माळावरून स्वतःच गाडी चालवत कापायचं असतं.

ही शर्यत नव्हे. सेक्शनमध्ये कोण आधी पोचलं याला काही किंमत नाही, पाय टेकला की नाही एवढंच मोजतात. पण पूर्ण दिवसाला वेळेची मर्यादा असते आणि परदेशातून पहिल्यांदा आलेले रायडर बहुतेक तिथेच अडकतात. अवघड सेक्शन फार तर ५ दंडगुण घेतं. दलदलीत रुतून गेलेला पाऊण तास, थंडीने बधिर झालेली बोटं, फाटलेली ट्यूब यांनी मात्र आठवडाच संपतो. खालची बहुतेक उत्तरं त्यासाठीच आहेत.

गुण कसे मोजतात?

पाय न टेकता सेक्शन पार केलं तर शून्य, म्हणजे ‘क्लीन’. एकदा पाय टेकला तर १, दोनदा २, तीन किंवा जास्त वेळा टेकला तरी ३. गाडी पडली, सीमेच्या फितीबाहेर गेली, मागे सरकली किंवा सेक्शन पूर्णच झालं नाही तर ५. सर्वांत कमी गुणांचा रायडर जिंकतो.

जागेवर थांबून तोल सावरायला परवानगी आहे की नाही, हे त्या वर्षीच्या पुरवणी नियमांत लिहिलेलं असतं. सराव न थांबता चालवण्याचाच करा. ती सवय दोन्ही प्रकारच्या नियमांत चालते, थांबून थांबून चालवण्याची सवय एकातच चालते.

यातून एक व्यवहार निघतो आणि नवख्याला तो लवकर पटत नाही: ५ जाणार असं दिसलं की सरळ तीनदा पाय टेका, गाडी ढकला आणि ३ घेऊन बाहेर पडा. सहा दिवसांत सुमारे १८० सेक्शन होतात. प्रत्येकात क्लीनचा हट्ट धरलात तर बुधवारपर्यंत खांदे उरत नाहीत.

बाहेरच्या देशातल्या रायडरला खरंच वाव आहे का?

आहे. १९८० मध्ये फिनलंडचा इर्यो व्हेस्टरिनेन हा ब्रिटनबाहेरचा पहिला विजेता ठरला, १९८२ मध्ये अमेरिकेचा बर्नी श्रायबर जिंकला. परदेशी रायडर दरवर्षी असतात आणि तिथले लोक त्यांचं मनापासून स्वागत करतात. मात्र पहिल्या वर्षी ध्येय एकच ठेवा, शनिवारी संध्याकाळी स्वतःच्या गाडीवर बसून परत येणं.

प्रवेश कसा मिळतो?

आदल्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत अर्ज घेतले जातात. जागांपेक्षा अर्ज जास्त येतात म्हणून सोडत निघते. नाव लागलं नाही तर राखीव यादी असते आणि ती शेवटपर्यंत हलत राहते. म्हणून सोडतीआधी परत न होणारं विमानाचं तिकीट काढू नका.

अर्जासोबत आपल्या देशाच्या संघटनेचा परवाना आणि परदेशात भाग घ्यायला हरकत नसल्याचं पत्र लागतं. भारतात हे काम एफएमएससीआय, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया, करते. अर्जाची तारीख उघडायच्या आधीच पत्रव्यवहार सुरू करा. परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी लागते आणि ती शेवटच्या आठवड्यात धावपळीत करण्यासारखी गोष्ट नाही.

व्हिसा कोणता?

हौशी खेळाडू म्हणून स्पर्धेत भाग घेण्यासाठी ब्रिटनचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो. प्रवासाच्या ३ महिने आधीपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण ३ आठवडे लागतात. बोटांचे ठसे द्यायला मुंबईतल्या केंद्रात जावं लागतं. प्रवेश पक्का झाल्याचं आयोजकांचं पत्र, गाडी भाड्याने घेतल्याचा करार, राहण्याचं आरक्षण आणि परतीचा बेत हे सगळं एकत्र लावा. सरावासाठी आधी स्पेनला जाणार असाल तर शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो. दोन्हीकडे पासपोर्ट द्यावा लागतो, त्यामुळे तारखांची सांगड घालूनच अर्ज करा.

आपलं लायसन्स तिथे चालतं का?

चालतं. सेक्शनांच्या मधे सार्वजनिक रस्ते आहेत, त्यामुळे वैध ड्रायव्हिंग लायसन्स सक्तीचं आहे आणि त्यावर गिअरच्या मोटरसायकलचा उल्लेख हवा. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला भारतीय लायसन्सवर तिथे १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं.

तरीही आंतरराष्ट्रीय परवाना सोबत ठेवा, गाडी देणारे आणि विमावाले तो मागतात. ठाण्याचं एमएच-०४ असो की वाशीचं एमएच-४३, आपापल्या आरटीओकडे परिवहनच्या संकेतस्थळावरून फॉर्म ४ए भरायचा. फी १००० रुपये, मुदत १ वर्ष. ज्यांचं जुनं पुस्तकी लायसन्स अजून स्मार्ट कार्डवर आलेलं नाही त्यांनी आधी ते काम उरकावं, नाहीतर तिथेच महिना जातो.

आपली गाडी न्हावा-शेव्यावरून जहाजाने पाठवता येईल का?

पाठवता येईल, पण पाठवू नका. तात्पुरत्या निर्यातीसाठी फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्ने हा सीमाशुल्काचा कागद काढता येतो, तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. स्पर्धेतली गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य नोंदणी झालेली असावी लागते. भारतात आणलेल्या ट्रायल गाड्या सहसा फक्त स्पर्धेसाठीच्या असतात, त्यांना नंबर प्लेट नसते. म्हणजे इतका खर्च करून गाडी तिथल्या तपासणीतच अडकायची.

भाड्याची गाडी घ्या. गॅसगॅस, बीटा, मोंटेसा, शेर्को, टीआरएस, व्हर्टिगो यांचे तिथले विक्रेते या आठवड्यासाठी गाड्या देतात. पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारा: नोंदणी आणि रस्त्याचा विमा कोणाच्या नावावर, परदेशी लायसन्सधारक त्या विम्यात बसतो का, मालकाचं संमतीपत्र मिळेल का, मोडलेल्या भागांचा खर्च कसा धरणार, संध्याकाळी त्यांच्या तंबूत पाणी आणि हत्यारं मिळतील का, आणि टायर नवे असतील का.

कोणती घ्यावी? २५० सीसी टू-स्ट्रोक. ३०० ची ताकद ओल्या दगडावर नवख्याच्या हातून मागचं चाक सोडवते, आणि दमल्यावर तर हमखास. फोर-स्ट्रोकला पकड छान मिळते, पण ती पाण्यात बुडाली की पुन्हा सुरू करायला जास्त वेळ आणि जास्त किका लागतात.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सराव कुठे करायचा?

येऊरला नाही. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं आणि तिथल्या पायवाटांवर गाडी घालणं गुन्हा आहे. कर्नाळाही अभयारण्य आहे. खारघरच्या टेकड्यांवर पावसाळ्यात बंदी असते. मुरबाड, शहापूर, कर्जतकडे खासगी शेतजमीन किंवा बंद पडलेली खासगी खाण मालकाच्या लेखी परवानगीने मिळवा. ओढ्याचा १०० मीटरचा तुकडा आणि दोन-चार मोठे धोंडे एवढं महिनाभराच्या सरावाला पुरतं.

आपला फायदा पावसाळ्यात आहे. जुलै-ऑगस्टमधला आपला काळा कातळ, त्यावरचं हिरवं शेवाळ आणि वरून वाहणारं पाणी स्कॉटलंडच्या ओढ्यांची बरीच चांगली तयारी करून घेतं. प्रवेश मिळेल की नाही याची वाट न बघता आदल्या पावसाळ्यातच सुरुवात करा. एप्रिलमध्ये कोरड्या मातीवर कितीही घासलं तरी ओल्या दगडावर क्लच सोडायची नजाकत येत नाही.

ट्रायल गाडी हाताशी नसेल तर एक्सपल्ससारख्या गाडीवर मागचं स्प्रॉकेट मोठं लावून उभं राहून सावकाश चालवा. वजन दुपटीहून जास्त असल्याने उड्या आणि पायऱ्यांचा सराव तिच्यावर होणार नाही, तो नादही करू नका. पण एका बोटाने क्लच धरणं, पूर्ण हँडल वळवून आठचा आकडा काढणं, आणि तासन्‌तास पायावर उभं राहणं हे सगळं होतं. ट्रायल गाडीला बसायला सीटच नसते, दिवसाचे सात-आठ तास उभ्यानेच जातात. आठवड्यातून एकदा सलग तीन तास न बसता चालवायचं ठेवा.

स्पर्धेआधी प्रत्यक्ष सेक्शनवर सराव करता येतो का?

नाही. त्या परिसरात आधी गाडी घालायला मनाई आहे, ही जमीन खासगी मालकांच्या परवानगीवर मिळते. पायी जाऊन बघा. आधीच्या शुक्रवार-शनिवारी फोर्ट विल्यमजवळच्या किनलॉकलेव्हनला जुन्या गाड्यांची प्री-६५ ट्रायल असते. पाइपलाइनसारखे नावाजलेले चढ किती उभे आहेत हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

किती दिवस आधी पोचावं?

आदल्या सोमवारी तिथे असावं. घड्याळाचा फरक साडेचार तासांचा असतो आणि तो दोन दिवसांत जातो. थंडीची सवय व्हायला जास्त वेळ लागतो. एप्रिल अखेरीच्या ठाण्यातून निघालेल्या शरीराला ७-८ अंशांत, पावसात आणि वाऱ्यात सहा दिवस काढायचे आहेत.

ग्लासगोहून फोर्ट विल्यम रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर, साधारण तीन तास. क्वीन स्ट्रीट स्टेशनातून वेस्ट हायलँड मार्गाची रेल्वे पावणेचार तासांच्या आसपास घेते. लंडनला उतरलात तर यूस्टनहून रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर थेट फोर्ट विल्यमला जाते. राहण्याची जागा प्रवेश मिळाला त्याच दिवशी ठरवा, त्या आठवड्यात गाव भरलेलं असतं.

गाडी शनिवारपर्यंत ताब्यात घ्या, रविवारी तपासणी असते. हँडलचा कोन, दोन्ही लिव्हर एका बोटाने पोचतील इतक्या आत, गिअर लिव्हर बुटाच्या मापाने, हे सगळं शनिवारीच लावून टाका.

रात्री गाडीची दुरुस्ती करता येते का?

नाही. संध्याकाळी गाडी बंद आवारात जमा होते आणि सकाळपर्यंत तिला हात लावता येत नाही. जे करायचं ते वेळ संपण्याआधी. शिवाय फ्रेम, इंजिन, चाकं अशा मुख्य भागांवर खूण केलेली असते, ते आठवडाभर बदलता येत नाहीत. टायर, ब्रेक पॅड, लिव्हर बदलता येतात. म्हणून दिवसात २०-२५ मिनिटं वाचवून शेवटच्या सेक्शनवरून लवकर परतणं हेच मोठं कौशल्य आहे.

त्या वेळात करायच्या गोष्टी याच क्रमाने करा: गाडी धुवा, एअर फिल्टर बदलून तेल लावलेला दुसरा घाला, मागचे ब्रेक पॅड डोळ्यांनी बघा, चेन ताणा आणि तेल द्या, चाकाच्या तारा बोटाने दाबून सैल आहेत का बघा, रेडिएटरचा पंखा फिरतो का ते तपासा. पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या काळ्या कुजक्या मातीच्या, पाण्यात बारीक दगडी कण असतात, मागचे पॅड दोन-तीन दिवसांत पत्र्यापर्यंत जाऊ शकतात. गिअरबॉक्सचं तेल दुधट दिसलं तर आत पाणी गेलं आहे, त्याच संध्याकाळी बदला. क्लचही त्याच तेलात असतो, दुसऱ्या दिवशी तो घसरायला लागेल.

टायर आणि हवा?

मागे ४.००-१८ चा ट्यूबलेस रेडियल, पुढे २.७५-२१ चा ट्यूबवाला. हवा मागे ५ पीएसआयच्या आसपास, पुढे ६. आपल्याकडे पंपावर २८-३० भरायची सवय असते, त्यामुळे हा आकडा चुकीचा छापला आहे असं वाटतं. तो बरोबर आहे. साधं मीटर इतकं खाली नीट दाखवत नाही, ० ते १५ पीएसआयचं वेगळं मीटर घ्या. ४ वर पकड वाढते, पण धारदार दगडावर रिम आपटते, आणि रिमची कडा वाकली की ट्यूबलेस टायर हवा धरत नाही. पहिल्या वर्षी थोडी जास्त हवा बरी.

मागचा टायर माळावर पंक्चर झाला तर चाक न काढता भोकात रबरी दोरी घाला. टायर रिमवरून सुटला असेल तर हातपंपाने तो बसत नाही. घेराभोवती रॅचेटचा पट्टा आवळून सीओटू कार्ट्रिज मारा. ही कार्ट्रिज आणि रबर सोल्युशन विमानात नेऊ नका, तिथेच विकत घ्या.

अंगावर काय काय घेऊन फिरायचं?

दुरुस्ती स्वतःलाच करायची आहे असं धरून भरा: क्लच आणि पुढच्या ब्रेकची एकेक लिव्हर, स्पार्क प्लग आणि पाना, २१ इंची ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, ५२० चेनची जोडकडी, ४-५-६ चे ॲलन की, ८-१०-१३ चे पाने, पक्कड, बांधणीची तार, झिप टाय, आणि एम-सीलची कांडी. दगडावर आपटून इंजिनचं केसिंग तडकलं तर एम-सील दिवस वाचवतं. भाग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडा करा, दोन्ही गोळे रंग एकजीव होईपर्यंत मळा आणि भेगेच्या बाहेर बोटभर पसरवून दाबा. थंडीत ते सुकायला आपल्याकडच्यापेक्षा फार वेळ घेतं, इंजिनच्या उबेजवळ धरून मळलं तर लवकर धरतं.

पेट्रोलची टाकी २ ते अडीच लिटरची असते. पेट्रोल मिळण्याची ठिकाणं आयोजक सांगतात, पण तिथपर्यंत पोचण्यासाठी बहुतेक जण जादा टाकी किंवा बाटली लावतात. टू-स्ट्रोकचं तेल मोजून छोट्या बाटल्यांत भरून ठेवा, ८० ला १ प्रमाण असेल तर प्रत्येक लिटरला साडेबारा मिलिलिटर. तिथे साधं पेट्रोल ई१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, असतं, सुपर घ्या.

डांबरी रस्त्यावर काही वेगळी काळजी?

डावीकडूनच चालवायचं आहे, ती सोय आहे. वेगमर्यादा मैलांत. एकाच वाहनापुरत्या रुंद रस्त्यांवर समोरच्याला वाट द्यायला ठरावीक रुंद जागा असतात, तिथेच थांबा. मे महिन्यात कोकरं अचानक रस्त्यावर येतात. उघडलेलं फाटक मागून कोणी येत नसेल तर लावून घ्या, स्पर्धेचं पुढच्या वर्षीचं अस्तित्व अशाच गोष्टींवर टिकून आहे.

लांब उतारावर टू-स्ट्रोकचं थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरमध्ये सोडू नका. तेल पेट्रोलमधूनच येतं, पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि पिस्टन धरतो. क्लच दाबा किंवा मधेमधे थोडं थ्रॉटल द्या.

दलदलीत रुतलो तर?

आधी न रुतण्याचं. खुणांच्या निशाण्या सोडू नका. चमकदार हिरवं, मऊ दिसणारं शेवाळ सर्वांत खोल असतं. तपकिरी हेदरची झुडपं जिथे आहेत तिथे जमीन धरते. दुसरा किंवा तिसरा गिअर, वजन मागे, थ्रॉटल एकसारखं, आणि मधे थांबायचं नाही. आधीच्या शंभर गाड्यांनी कालवलेल्या चाकोरीपेक्षा तिच्या बाजूची न तुटलेली जमीन बरी.

रुतलीच तर थ्रॉटल देऊ नका, चाक आणखी खाली जातं आणि क्लच जळतो. इंजिन बंद करा. गाडी एका कुशीवर आडवी पाडा म्हणजे चाकाखालची हवेची पकड सुटते. भोकात पाणी भरू द्या, मग पुढच्या फोर्कला धरून झोपलेल्या अवस्थेतच ओढा. ७० किलोची गाडी एकट्याने निघते, उभी ओढायला गेलात तर दोघांनाही निघत नाही.

ओढ्यात गाडी बुडून बंद पडली तर?

तत्क्षणी किल स्विच. पाणी आत गेलेलं असताना किक मारली तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. गाडी बाहेर काढून मागच्या चाकावर उभी करा, सायलेन्सरमधलं पाणी वाहून जाऊ द्या. प्लग काढा, गाडी उलटी करा, प्लगच्या भोकातून पाणी येणं थांबेपर्यंत हळू किक द्या. फिल्टर पिळा, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून पाणी काढा, कोरडा प्लग लावा. हे घरीच चार वेळा करून बघितलेलं असेल तर दहा मिनिटांचं काम आहे.

कपडे आणि खाणं?

अंगाला लागून लोकर किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको, ओलं सुती कापड अंगातली ऊब ओढून घेतं. वर जलरोधक जॅकेट-पँट, जलरोधक मोजे, ट्रायलचे बूट. हातमोजे रोज तीन जोड, त्यातला एक निओप्रीनचा. बोटं गारठली की लिव्हरचा अंदाज जातो आणि पडणं तिथूनच सुरू होतं. संध्याकाळी अंगावर गोचीड बघा, विशेषतः गुडघ्यामागे आणि जांघेत, त्या भागात लाइम रोगाचा धोका आहे.

शेंगदाण्याची चिक्की, खजूर, तिखटमिठाच्या पुऱ्या खिशात चांगल्या राहतात. दूध-तूप-खवा घातलेलं काही नेऊ नका, भारतातून दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. म्हणजे तुपातले लाडू आणि पेढे घरीच. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी विसरतात, दुपारी पायात गोळे येतात. दर पाच सेक्शनांना दोन घोट ठरवूनच घ्या.

विमा कोणता?

नेहमीचा प्रवासविमा मोटरस्पोर्टचा अपघात धरत नाही. पॉलिसीत ‘मोटरसायकल ट्रायल स्पर्धा’ असे शब्द लिहून घ्या, डोंगरातून बाहेर काढण्याचा आणि भारतात परत आणण्याचा खर्च त्यात असू द्या. फोर्ट विल्यममध्ये बेलफर्ड हॉस्पिटल आहे, तातडीची मदत कोणालाही मिळते, पण दाखल व्हावं लागलं तर परदेशी पाहुण्याला बिल येऊ शकतं. पॉलिसीचा नंबर आणि घरच्यांचा फोन प्लास्टिकमध्ये घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. माळावर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते.

सोबत घरचं किंवा मित्र आले तर त्यांचा उपयोग काय?

सेक्शनमध्ये त्यांनी काही करायचं नसतं. पण सकाळचा डबा, ओल्या कपड्यांचं वाळवण, संध्याकाळी गरम पाणी आणि दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ बघून ठेवणं ही त्यांची कामं. निघण्याचा क्रम रोज बदलतो. एक दिवस सकाळी लवकर, दुसऱ्या दिवशी बराच उशिरा. उशिराच्या दिवशी सेक्शन कालवलेले मिळतात आणि परतायला संध्याकाळ होते, तेव्हा जेवण तयार असणं फार मोलाचं ठरतं. त्यांना कार भाड्याने घ्यायची असेल तर तिथल्या अरुंद रस्त्यांवर स्पर्धेची गर्दी असते, लहान कार घ्यायला सांगा.